बर्फ नसलेली औली

दिवस पहिला : हरिद्वार ते जोशीमठ

पहाटे पाचला हरिद्वारहून जीप सुटली तेव्हाच पाठीला घाम फुटला होता. मी आणि बाबा औलीला, उत्तराखंडातल्या स्कीइंगच्या उतारावर निघालो होतो. 2024 चा जून होता, खाली मैदानात उन्हाने कहर केला होता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी एकेक नावं मागे पडत होती आणि प्रत्येक संगमावर बाबा खिडकीतून हात जोडत होते. गढवालमधल्या श्रीनगरच्या पुढे डोंगरांवर करडा पडदा धरलेला दिसला. मला ते धुकं वाटलं. जीपवाला म्हणाला, धूर आहे, यंदा चिडाच्या, म्हणजे पाइनच्या जंगलांना फार वणवे लागले. चिडाच्या वाळक्या सुयांना इकडे पिरूल म्हणतात. एक काडी पडली की डोंगरच्या डोंगर पेटतो.

पावणेतीनशे किलोमीटरला बारा तास लागले. जोशीमठला पोचलो, जेवलो, झोपलो. रात्री पत्र्यावर पावसाचा आवाज आला आणि बाबा अंधारातच म्हणाले, "बरं झालं, धूर बसेल."

दिवस दुसरा : जोशीमठ आणि औलीचा उतार

खरंच धूर बसला होता. सकाळी गच्चीवर गेलो तर समोर हाथी पर्वत धुऊन ठेवल्यासारखा उभा. जोशीमठची उंची 1,890 मीटरच्या आसपास, म्हणजे चहाचा कप घेऊन या गच्चीवर नुसतं उभं राहिलं तरी आपण कळसूबाईच्या माथ्याच्या (1,646 मीटर) वर असतो. बाबांनी चाळीस वर्षं सह्याद्री पायांखाली घातला आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी हट्ट धरला तो औलीचा, आणि तोही उन्हाळ्यातल्या. "बर्फात गेलो तर बर्फ बघून परत येऊ. मला खालची जमीन बघायची आहे," असं त्यांनी पुण्यातच सांगून ठेवलं होतं.

जमीन बघायची तर सुरुवात जोशीमठपासूनच करायला हवी. नृसिंह मंदिरात दर्शन घेतलं. या मूर्तीचा एक हात मनगटाशी दर वर्षी बारीक होत चालला आहे, तो गळून पडेल तेव्हा डोंगर खचून बद्रीनाथची वाट बंद होईल आणि देव भविष्यबद्रीला जाईल, अशी इथली श्रद्धा आहे. मंदिरातून बाहेर पडून वरच्या गल्ल्यांकडे चालत गेलो तर ती कथा जुनी वाटेना. भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या अजून दिसत होत्या. एका बंद घराच्या उंबऱ्यापासून जोत्यापर्यंत तडा गेला होता. माझी चार बोटं सहज आत जातील एवढा तो रुंद होता, आणि त्यात कुणीतरी आधी सिमेंट भरलेलं होतं. ते सिमेंटही पुन्हा फाटलं होतं.

2023 च्या जानेवारीत इथल्या आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. हे गाव एका जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेलं आहे. 1976 मध्येच मिश्रा समितीने तसं लिहून दिलं होतं. उतारावरचे मोठे धोंडे काढू नका, झाडं तोडू नका, भारी बांधकामं करू नका, असं त्या अहवालात स्पष्ट सांगितलेलं होतं. मग अर्धशतकभर गावात मजल्यावर मजले चढत राहिले आणि सांडपाणी जमिनीत मुरत राहिलं.

बाबा त्या तड्यापाशी बराच वेळ उभे होते. मला वाटलं दमले. मग म्हणाले, "इर्शाळवाडीतली माणसं आठवली गं." इर्शाळगडावर जाताना त्या वाडीत थांबून पाणी प्यायलेले आमच्यासारखे हजारो जण असतील. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा कडा खाली आला आणि ती वाडी गेली. त्यानंतर बाबा इर्शाळगडाकडे फिरकलेले नाहीत. त्या गल्लीतून आम्ही न बोलताच खाली आलो.

वनखात्याचा परवाना काढला आणि दुपारी औलीकडे निघालो. पूर्वी जोशीमठहून औलीला रोपवेने जात. जवळपास चार किलोमीटरचा तो प्रवास लोक नुसता त्यासाठीच करत. जमीन खचू लागल्यापासून तो बंद आहे. चौदाएक किलोमीटरचा रस्ता जीपने चढलो, देवदारांतून आणि लष्कराच्या तळांमधून.

आणि मग तो उतार समोर आला.

बर्फातल्या फोटोंमध्ये औलीचा उतार म्हणजे एक पांढरी, गुळगुळीत पट्टी असते, दोन्ही बाजूंना काळी झाडं. जूनमध्ये त्या पट्टीचं अंग दिसतं. गवत आहे, पण सगळीकडे सारखं नाही. मध्येच घासून निघालेले तपकिरी चट्टे आहेत, पाणी काढून देण्यासाठी आडवे खणलेले चर आहेत, चेअरलिफ्टच्या खांबांभोवती काँक्रीटचे ओटे आहेत. 2011 च्या जानेवारीत इथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. वर एक कृत्रिम तळं आहे. कृत्रिम बर्फाची यंत्रं चालवायला पाणी लागतं, म्हणून ते बांधलं. तळ्याच्या पाण्यात नंदादेवीचं प्रतिबिंब पडतं म्हणून लोक तिथे फोटो काढतात. पण माणसाला बर्फ तयार करण्यासाठी तीन हजार मीटरवर तळं खणावं लागलं, हेच मला त्या फोटोपेक्षा जास्त लागलं. 2023 च्या फेब्रुवारीत तर पुरेसा बर्फच पडला नाही म्हणून इथली राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा रद्द करावी लागली.

आमचे गाइड इथेच भेटले. ढाक गावचे, पन्नाशीचे, सडपातळ. हिवाळ्यात याच उतारावर पर्यटकांना स्कीइंग शिकवतात, उन्हाळ्यात वाटाडे होतात. गढवालीत थोरल्या भावाला भैजी म्हणतात, म्हणून मी त्यांना भैजी म्हणू लागले. बाबांना ते बाबूजी म्हणायचे. उताराच्या वरच्या टोकाला उभं राहून त्यांनी खाली हात केला. "सर्दी में यहाँ से नीचे दो मिनट लगते हैं. आज हम पौन घंटा चढ़े." बाबांनी मान डोलावली. या उतारावर सावकाश चढणाऱ्यालाच काही दिसतं, असं मला त्या वेळी फार आतून वाटलं.

संध्याकाळी पावणेसातला ढग फाटले आणि नंदादेवी दिसली. 7,816 मीटर. भोवतीच्या शिखरांच्या मागून ती जराशी डोकावते, पुढे येत नाही. शेवटचं ऊन तिच्यावर दहाएक मिनिटं राहिलं. भैजींनी टोपी काढली. म्हणाले, नंदा आमच्याकडे देवी खरी, पण त्याआधी ती आमची ध्याण. ध्याण म्हणजे सासरी दिलेली लेक. बारा वर्षांनी राजजात यात्रा निघते ती या लेकीला कैलासाच्या वाटेवर सासरी पोचवायला, आणि तिला निरोप देताना बायका रडतात. आपल्याकडे गौरी येतात नि तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप देताना आजीचे डोळे भरायचे, ते मला आठवलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि आम्ही खाली आलो.

दिवस तिसरा : गोरसों बुग्याल

पुढे क्वारी पास या खिंडीपर्यंत चढायचं होतं. उंचीची सवय व्हावी म्हणून आज गोरसोंपर्यंत जाऊन औलीलाच परत यायचं होतं. तीनएक किलोमीटरची चाल. सुरुवातीला खरसूचं, म्हणजे ओकच्या एका जातीचं जंगल. फांद्यांना शेवाळाच्या जटा. पायाखाली पाचोळा इतका मऊ की बाबांच्या काठीचा आवाज येईना. एका वळणावर भैजींनी हात वर करून थांबवलं. वीसेक पावलांवर मोनाल पक्षी माती उकरत होता. निळा, हिरवा, तांबूस असे रंग त्या अंगावर एकाच वेळी हलत होते. चाहूल लागताच त्याने दरीत झेप घेतली आणि शीळ मागे ठेवून गेला.

मग झाडं एकदम संपतात. झाडांची रेषा जिथे संपते तिथून वरच्या गवताळ पठारांना इथे बुग्याल म्हणतात. आपल्या कास पठाराची ऑगस्टमधली हिरवळ डोळ्यांसमोर आणा, तिला लाटांसारखे चढउतार द्या आणि सभोवार बर्फाची शिखरं ठेवा. द्रोणागिरी (7,066 मीटर) इतका जवळ दिसतो की त्याच्या कड्यांवरचे बर्फाचे पदर मोजावेत. हनुमानाने संजीवनीसाठी नेला तो हाच डोंगर, असं इथले लोक मानतात, आणि द्रोणागिरी गावात त्यामुळे आजही हनुमानाची पूजा करत नाहीत. बाबांना उरणचा द्रोणागिरी आठवला. त्या डोंगराचा एक तुकडा तिकडे पडला, अशी आपल्याकडे गोष्ट आहे. "तुकडा पाहिला होता, आज अख्खा पाहिला," असं म्हणून ते गवतात बसले आणि त्यांनी बूट काढले.

मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. डोळे गवताच्या पातळीवर आले तेव्हा कळलं की हे नुसतं गवत नाही. करंगळीच्या नखाएवढी जांभळी फुलं, पिवळी फुलं, जमिनीला चिकटून वाढणारी बारीक पानं, सगळं एकमेकांत विणलेलं. सहा महिने बर्फाखाली राहून उरलेल्या सहा महिन्यांत या सगळ्याला उगवायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं.

परतताना भैजींनी एक जागा दाखवली. खेचरांची वाट एका चढावर पाच-सहा पदरी झाली होती आणि मधला गवताचा पट्टा तुटून घळ पडू लागली होती. घळीच्या काठाचा छेद अगदी स्वच्छ दिसत होता. वर तीन बोटं जाडीचा मुळांचा गच्च थर, घोंगडीसारखा. त्याखाली वीतभर काळी माती. त्याखाली नुसती खडी. घोंगडी तुटली की माती एका पावसात जाते आणि खडीवर काही उगवत नाही. भैजी खाली वाकले, लोंबकळणारं एक ढेकूळ गवतासकट उचललं, पुन्हा जागेवर बसवलं आणि टाचेने हलकेच दाबलं. "ये घास नहीं है, चमड़ी है," ते म्हणाले. उत्तरकाशीकडच्या दयारा बुग्यालात वनखात्याने अशा घळी भरायला काथ्याच्या चटया आणि पिरूल वापरलं, हे मी वाचलेलं होतं. परवा जे पिरूल जंगलं जाळत होतं तेच जमीन धरून ठेवायला उपयोगी पडतं. बाबांनी मग वाटेत आणखी चार ढेकळं तशीच बसवली. मी वाटेच्या बाहेर पाऊल टाकलं की काठीने खुणावून आत घेत होते.

औलीत खाली आलो तेव्हा पर्यटकांची झुंबड होती. घोडे, मॅगी, मोठ्याने गाणी. चर कचऱ्याने भरत आलेले. 2019 च्या जूनमध्ये एका धनाढ्य कुटुंबाचं लग्न याच उतारावर झालं आणि मागे राहिलेल्या कचऱ्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पण आपण सगळे मिळून रोज थोडं थोडं तेच करतो आहोत. आपली मराठी मंडळीही त्यात होती. बिस्किटांच्या पुड्यावरची मराठी अक्षरं मी पाहिली, पुडा उचलून खिशात घातला.

दिवस चौथा : ताली

गोरसोंपर्यंत कालचीच वाट, पुढे धारेवरून तालीच्या मुक्कामाला. आठवणीत राहिली ती दुपारची गारपीट. दोन वाजेपर्यंत निरभ्र, अडीचला द्रोणागिरीमागून ढग आला आणि तीनला मटाराएवढ्या गारा. भैजींनी धार सोडायला लावली, काठ्या बाजूला ठेवायला लावल्या आणि खाली झाडीत उकिडवं बसवलं. विजा चमकत असताना धारेवर आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, हा नियम सह्याद्रीतही तोच.

ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. त्यामुळे तंबू गवतावर न लावता झाडीतल्या मोकळ्या जागेत लावले. काहींना हे जाचक वाटतं. कालची घळ पाहिल्यावर मला ते रास्त वाटलं. जेवायला मंडुव्याची रोटी होती. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. तव्यावरून उतरताच तिचा वास आला आणि बाबांनी आणखी एक मागून घेतली.

दिवस पाचवा : क्वारी पास

पहाटे साडेचारला निघालो. पहिला दीड तास टॉर्चच्या उजेडात, कड्याला चिकटून जाणाऱ्या अरुंद वाटेवरून. डावीकडे कातळ, उजवीकडे अंधार. बाबा पुढे, मी मागे. त्यांची पावलं मला पाठ आहेत. आधी टाच टेकवून चाचपायचं, मग भार द्यायचा. लहानपणी हरिश्चंद्रगडावर त्यांनी मला तसंच चालायला शिकवलं होतं. फरक इतकाच की आज मध्येच ते थांबत होते आणि थांबले की मी मनात आकडे मोजत होते. वीसच्या आत पुन्हा निघाले की माझा जीव भांड्यात पडायचा.

उजाडलं तेव्हा आम्ही वरच्या गवतात होतो. ओढ्यांच्या घळींमध्ये अजून बर्फाचे पट्टे होते, कडेने वितळून पोकळ झालेले. भैजी काठीने ठोकून बघत आणि आवाज भरीव आला तरच पाय टाकू देत. अशा तीन घळी ओलांडल्या. शेवटचा चढ घसाऱ्याचा. दोन पावलं वर, एक खाली.

नऊच्या सुमाराला खिंडीत पोचलो. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. या खिंडीचं दार कुणी सहज उघडत नाही, असं भैजी म्हणाले. ब्रिटिशांच्या काळात व्हाइसरॉय कर्झनच्या नावावरून या वाटेला कर्झन ट्रेल म्हणू लागले. पण मेंढपाळ आणि व्यापारी तिच्यावरून त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते, म्हणून मला तिचं जुनंच नाव आवडतं. चौखंबा, कामेट, हाथी, घोडी, द्रोणागिरी, एका नजरेत सगळे. बाबांनी पिशवीतून नारळाच्या वड्या काढल्या, एक दगडावर ठेवली, एक भैजींना दिली.

मी मात्र बराच वेळ दक्षिणेकडे बघत होते. तिकडे बिरही नदीचं खोरं आहे. 1893 मध्ये तिथे गोहना गावाजवळ अख्खा डोंगर नदीत कोसळला आणि मोठं तळं तुंबलं. ते फुटणार हे ओळखून इंग्रज अभियंत्यांनी तारायंत्राची लाइन टाकली आणि काठावरची गावं वेळेत रिकामी केली. पुढच्या ऑगस्टमध्ये बांध फुटला, श्रीनगर वाहून गेलं, पण जवळपास सगळी माणसं वाचली. त्या तळ्याचा उरलेला भाग 1970 च्या अलकनंदेच्या पुरात फुटला. डोंगर बोलतो, ऐकणारे असले तर माणसं वाचतात. एका तारेच्या लाइनीने एकशे तीस वर्षांपूर्वी जे जमवलं ते आज का जमू नये, हा प्रश्न मला त्या खिंडीत फार छळत राहिला.

खुलाराच्या मुक्कामाकडे उतरताना बाबांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. पुढून जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबायला लागला. बूट चांगले होते, पण कपाटात पाच वर्षं पडून होते. न वापरता ठेवलेल्या बुटाच्या तळाची पकड आतून मरते. जुने बूट घेऊन निघण्याआधी आठवडाभर गावात चालून बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. भैजींनी पाठपिशवीतून सुतळी काढली. तळाखालून आडवी, चवड्यावर एक फुली, टाचेमागे दुसरी, मग घोट्याभोवती दोन वेढे. गाठ बाहेरच्या अंगाला, दुसऱ्या पायात अडकू नये म्हणून. प्रत्येक वेढा देताना ते गुडघ्यावर बसून विचारत होते, "बाबूजी, दब तो नहीं रहा?" ज्या बाबांनी आयुष्यभर कुणाला आपल्या बुटाला हात लावू दिला नाही, ते मुकाट्याने पाय पुढे करून बसले होते. तासाभराने दुसराही तळ गेला. तोही तसाच बांधला. खुलाराला पोचायला अंधार पडला.

दिवस सहावा : ढाक

गुलिंगमार्गे सावकाश उतरलो. सुतळी दोनदा बदलावी लागली. झाडं परत आली, मग पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, मग तुगासी गाव. खाली धौलीगंगेचं खोरं उघडलं. भैजींनी वरच्या अंगाला बोट दाखवलं. त्या बाजूला रैणी. 1974 मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायका जिथे झाडं वाचवायला उभ्या राहिल्या ते गाव. 7 फेब्रुवारी 2021 ला ऋषिगंगेचा लोंढा आला तोही रैणीवरूनच, आणि खालच्या तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले. दोनशेहून अधिक माणसं गेली. भैजींच्या ओळखीतले दोघे त्यात होते. एवढंच सांगून ते पुढे चालू लागले.

ढाकला त्यांच्या घरी जेवलो. भाभींनी गहतचं फाणू केलं होतं. पहिल्या घासालाच बाबा थबकले. "अगं, हे कुळीथ!" गहत म्हणजे कुळीथच. भाभींनी डब्यातून मूठभर दाणे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. आपल्यापेक्षा जरा बारीक आणि काळपट. रात्रभर भिजवून जाडसर वाटायचे, लोखंडी कढईत मंद आंचेवर आटवायचे, असं त्या सांगत होत्या आणि बाबा त्यांना पिठल्यात कोकम कधी घालायचं ते मराठीमिश्रित हिंदीत समजावत होते. निघताना त्यांनी किलोभर गहत बांधून दिलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. बाबांनी आपली काठी भैजींच्या दाराशी टेकवून ठेवली. "अगली बार लूँगा," म्हणाले.

जोशीमठच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. एका वळणावर वर औलीचा उतार दिसला, देवदारांच्या मधोमध हिरवी पट्टी. गहतची पिशवी मांडीवर धरून बाबा वळण संपेपर्यंत वर बघत राहिले. त्यांच्या बुटांना अजून सुतळी होती.